दोन आखूड, एक लांब

२ मार्च

वहिनी,

नमस्कार. पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दारात येऊन ओरडले तर सगळी गल्ली म्हणेल, नणंद भावजयीच्या अंगावर धावून गेली.

काल सकाळी बागेत तुमच्या दांडगोबाने मला चिखलात लोळवलं. मी आणि चिमटी आमच्या वाटेने निघालो होतो. मागून वासराएवढं धूड आलं, माझ्या पाठीवर आदळलं, मी आडवी झाले आणि ते माझ्या छातीवर दोन पाय देऊन उभं राहिलं. तुम्ही पार कारंज्यापाशी. तिथून हात हलवत ओरडत होतात, "काही करत नाही हो तो! खेळायला बघतो!" वहिनी, मी तीस वर्षं शाळेत मुलींना खेळच शिकवले. हा खेळ मला माहीत नाही.

चिमटी बारा वर्षांची आहे, कुत्र्याच्या जातीत म्हातारीच. एका डोळ्याने दिसत नाही तिला. ती बाकाखाली शिरली ती बाहेर यायलाच तयार नव्हती. शेवटी मी चिखलात पुन्हा बसून तिला ओढून काढलं.

पट्टा तुमच्याकडे होता, मी पाहिला. लोक तो कुत्र्याच्या गळ्यात घालतात. तुम्ही स्वतःच्या गळ्यात अडकवून फिरता.

दादाच्या वेळी हा असा नव्हता. दादा नुसता बघायचा आणि हा बसायचा. दादाला जाऊन सात महिने होतात न होतात तो कुत्र्याची रया गेली. झेपत नसेल तर मला द्या. माझं अंगण मोठं आहे, पाय धडधाकट आहेत. हे भांडायचं म्हणून नाही, मनापासून सांगतेय. नाहीतर नगरपालिकेत कुत्र्यांचा विभाग आहे, आणि तिथल्या साहेबांची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली आहे.

तुमची नणंद

&nbsp;

६ मार्च

वन्सं,

वाकून नमस्कार केला असता, पण खांदा उतरलाय. कशाने उतरला ते विचारणार नाही तुम्ही, म्हणून सांगते. पट्टा धरला होता म्हणून. समोर मांजर दिसलं, हा सुटला, आणि पट्ट्याबरोबर माझा हातही निघाला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा धरलात तर हात गळ्यात बांधूनच फिरावं लागेल. तेव्हापासून पट्टा गळ्यात आणि कुत्रं मोकळं. नाचता येईना अंगण वाकडं असं तुम्ही म्हणणारच, म्हणा.

तुमचं पत्र टपालवालीने हसत हसत दिलं. पाटीवर लिहून दाखवलं, "आजी, बागेच्या पल्याडहून पत्र कशाला? चालत का नाही येत त्या?" मी म्हटलं, अगं, चालत आल्या तर बसायला सांगावं लागेल.

तुमची चिमटी आधी भुंकते, हे मला ऐकू येत नसलं तरी दिसतं. तोंड उघडं असतं तिचं. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघा.

दांडगोबा ह्यांचं का ऐकायचा ते तुम्हाला ठाऊक आहे. बघण्याबिघण्याने नव्हे. ह्यांची शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून, दोन आखूड, एक लांब. कितीही लांब असला तरी दगड सुटल्यासारखा यायचा. मामंजींनी तुम्हा दोघा भावंडांना लहानपणी शिकवली होती ना ती? लग्न होऊन आले त्या वर्षी मी पहिल्यांदा ऐकली. तुम्ही खालून शिट्टी मारलीत, आणि हे भरल्या ताटावरून उठून गेले. मी वरण तीनदा गरम केलं. तेव्हा कान शाबूत होते माझे. छापखान्यातल्या यंत्रांनी ते पुढे खाल्ले.

मला शिट्टी येत नाही. पुढचे दात लावलेले आहेत, मारायला गेले तर दातच कुत्र्याच्या अंगावर पडतील.

त्याला मी देणार नाही. रात्री तो ह्यांच्या चपलांवर हनुवटी ठेवून झोपतो. घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढं एकच आहे. ते मागू नका.

तुमची वहिनी

&nbsp;

२० मार्च

वहिनी,

तुमचा खांदा उतरला हे वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण खांदा तुमचा उतरला आणि कंबर माझी मोडायची, हा कुठला न्याय?

गेल्या आठवड्यात तो तीनदा सुटून माझ्याकडे आला. दोनदा फाटकावरून उडी मारून, आणि एकदा मागच्या कुंपणातून, माझी मेंदी आडवी करून. येताना सायकलींच्या वाटेवर एका कॉलेजच्या मुलीला पाडलं, तिचा चष्मा फुटला. तुम्ही मागून आलात, धापा टाकत, आणि तिला म्हणालात, "काही करत नाही हो तो." ती रडत होती. तुम्हाला ऐकू आलं नसेल, पण रडणं दिसतंसुद्धा.

म्हणून मी तक्रार दिली. लेखी. लपवत नाही. साहेब म्हणाले, तीन तक्रारी झाल्या की कुत्रं कोंडवाड्यात. मग त्याची परीक्षा. मोकळं सोडून बोलवायचं. आलं तर मालकाला दंड करून परत. नाही आलं तर सुई. मी म्हटलं, माझ्या वहिनीला समज द्या फक्त, तेवढ्याने भागेल. उगाच म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

शिट्टीचं म्हणाल तर ती लहानपणीची गोष्ट. माझ्या तोंडात आता वारासुद्धा राहत नाही. शाळेत प्लास्टिकची वाजवत होते, ती निरोप समारंभाच्या दिवशी परत केली.

आला की मी त्याला उकडलेली कलेजी देते. काय करणार, उपाशी असल्यासारखा खातो. तुम्ही घालता ना त्याला पोटभर? चिमटी दाराआडून बघत असते, तिला आवडत नाही. पण तिला समजवेन मी. दोघं एका घरात राहायचे म्हटले तर सवय झालेली बरी.

तुमची नणंद

&nbsp;

२७ मार्च

वन्सं,

तुमच्या साहेबांचा माणूस येऊन गेला. दारात उभा राहून तोंड हलवत होता, मी पाटी पुढे केली. त्याने लिहिलं, "कुत्रे आवरा." दोन शब्दांसाठी एवढी मोठी टोपी घालून आला होता.

मी उपाशी ठेवते? तो माझ्या आधी जेवतो. मी त्याची भांडी धुऊन मग माझं ताट घेते.

एक मला कळत नाही. कारंज्यापर्यंत तो माझ्या पायापायात असतो. त्या वळणावर, तुमच्या मागच्या कुंपणासमोर बाक आहे ना, तिथे आलो की थबकतो. कान ताठ. मान तिरपी. ह्यांची वाट बघताना करायचा अगदी तसं. आणि मग जातो. मी हाका मारत राहते, माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, किती जोराने ओरडते देव जाणे, कारण सगळे माझ्याकडे बघतात, कुत्र्याकडे कुणीच नाही.

आता बागेत लोक मला बघून वाट बदलतात. त्या जुळ्या केसाळ कुत्र्यांची मालकीण पूर्वी हात हलवायची, आता दोन्ही कुत्री कडेवर घेऊन पाठ करून उभी राहते. काल फाटकावर कुणीतरी चिठ्ठी लावली होती, "पट्टा धरता येत नसेल तर मांजर पाळा." अक्षर तुमचं नव्हतं. मी नीट बघितलं. बाइंडिंगच्या टेबलावर हयात गेली माझी, कागद आणि अक्षर मला कळतं.

चष्म्याचे पैसे मी त्या मुलीच्या घरी देऊन आले. तिच्या आईने दार लावून घेतलं, पैसे फटीतून घेतले.

कलेजी देऊ नका त्याला. सवय लागेल.

तुमची वहिनी

&nbsp;

११ एप्रिल

वहिनी,

दुसरी तक्रार गेली. या वेळी साहेबांनी स्वतः बसवून लिहून घेतली, कारण मी सांगताना मला भरून आलं.

चिमटीला चावला तो. तुम्ही म्हणाल, माझ्याच अंगणात कलेजीवरून जुंपली असेल. कशावरूनही जुंपो. कान फाटला तिचा. टाके पडले. आता ती मी जवळ गेले तरी दचकते.

मी किती दिवस गप्प बसायचं? सोबत कागद जोडला आहे. त्यावर एवढंच लिहिलंय की कुत्रं तुम्ही स्वखुशीने मला देताय. सही करा. तक्रारी मी मागे घेते, दंड मी भरते, आणि तुम्हाला वाटलं तर रविवारी येऊन बघून जा. लांबून.

एक गोष्ट तुम्हाला सांगणार नव्हते. पण तुम्ही वेळच आणलीत. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या संध्याकाळी दादा माझ्याशी बोलला. तुम्ही खोलीतच होतात, पायांशी बसून त्याचे तळवे चोळत होतात. त्याच्या तोंडावर मास्क होता, तुम्हाला ओठ दिसले नसणार. मी कान अगदी जवळ नेला होता. तो कुत्र्याबद्दल बोलला. दांडगोबा माझ्याकडे यावा अशी त्याची इच्छा होती.

सही करा.

तुमची नणंद

&nbsp;

१३ एप्रिल

वन्सं,

कागद मिळाला. सही नंतर बघू.

ते बोलले? मास्कच्या आत त्यांची हनुवटी हलताना मी पाहिली होती. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही मान हलवून "काही नाही" असा हात केलात. मला वाटलं, धाप लागली असेल. तेव्हापासून रोज ती हनुवटी डोळ्यांपुढे येते.

चिमटीच्या कानाचं मला खरंच वाईट वाटतं. औषधाचा खर्च कळवा, पाठवते. तुम्हाला मी काही टोचून बोलले असेन तर ते मागे घेते. बागेत यायचं बंद करते. पहाटे लोक यायच्या आधी त्याला फिरवीन.

फक्त ते काय म्हणाले ते शब्द न शब्द लिहा. कितीही लहान असलं तरी. माझं नाव घेतलं का?

हात जोडते.

तुमची वहिनी

&nbsp;

१८ एप्रिल

वहिनी,

शब्द न शब्द हवेत? घ्या. "कुत्रं तिला झेपणार नाही. तू घे." इतकंच.

तुमचं नाव? नाही बाई. "तिला" म्हणाला, म्हणजे तुम्हीच. नावाने असं नाही घेतलं. माणूस त्या वेळी थकलेला असतो, मनाला लावून घेऊ नका.

सहीचा कागद अजून आला नाही. टपालवालीला रोज विचारते. ती म्हणते, "मावशी, तुम्ही दोघींनी एकदा समोरासमोर बसा, माझा पगार तेवढाच राहणार आहे." चहाटळ आहे, पण मनाने चांगली.

तुमची नणंद

&nbsp;

४ मे

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. लेक आली होती, दोन आठवडे राहून गेली. तिने घर आवरलं, मला नव्या चपला आणल्या, डॉक्टरांकडे नेलं, आणखीही काय काय घेऊन दिलं. जाताना रडली. मी नाही रडले. मला हल्ली बरं वाटतंय.

बागेत या वर्षी पाखरं किती झालीत हो. नुसता कलकलाट. सकाळी त्या वळणावरच्या बाकावर मी आता बराच वेळ बसते, तुमच्या कुंपणासमोर. पहाटे फिरवायचं म्हणाले होते, पण ते काही जमलं नाही. तुम्हाला दिसत असेनच मी मागच्या दारातून. हात नाही केलात कधी.

सहीचा विचार चालू आहे. ह्यांची इच्छा होती म्हणता, तर मी कोण आड येणारी? उन्हं वाढायच्या आत काय ते ठरवते. तोवर तो तुमच्याकडे येतो तसा येऊ द्या.

तुमची वहिनी

&nbsp;

९ मे

वहिनी,

हे पत्र शेजारच्या शिंप्याच्या हाती पाठवतेय. कालचं तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, तरी लिहिते, कारण माझ्या मनातून जात नाही.

टपालवाली सायकलवरून वळणावर आली आणि त्याच क्षणी तो सुटला. तिने घंटी वाजवली. तो थांबला नाही. चाक, पोरगी, थैली, सगळं एकदम उलटलं. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण सायकल विसरा. सगळी पत्रं चिखलात पडली होती. आणि तो तिच्या अंगावरून उडी मारून तसाच माझ्या फाटकाशी आला, शेपूट हलवत, कलेजी मागत.

तिसरी तक्रार तिच्या नवऱ्याने दिली. मी नाही. माझ्या डोळ्यांदेखत गाडी आली आणि फास टाकून त्याला नेलं. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता. वहिनी, मला हे नको होतं. तो माझ्या अंगणात यावा एवढंच मला हवं होतं. तो उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसला की दादा बाहेर चपला काढतोय असं वाटतं मला. आम्हा दोघांना आई आठवत नाही. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून त्या शिट्टीला कुणी ओ दिली असेल तर ती दादाने.

आता मुद्द्याचं. साहेबांना भेटून आले. येत्या शुक्रवारी परीक्षा. वेळेची नोटीस मालकालाच देतात, मला सांगत नाहीत. कुत्रं ज्याचं ऐकतं असं कुणीही माणूस मालकाने आणलं तरी चालतं. मला न्या. तो माझं ऐकेल. मला शिट्टी मारता येते. अजून जमते. कशी, कधीपासून, ते विचारू नका. नंतर काय ती शिक्षा द्या, मी मान खाली घालून उभी राहीन. तक्रारी मागे घेते, सही नको, कुत्रंही नको. तुमच्याकडेच राहू दे. फक्त जगू दे.

वेळ कळवा. लगेच.

तुमची नणंद

&nbsp;

११ मे

वन्सं,

शिंप्याने पत्र दिलं. लगेच उत्तर देतेय.

बरं झालं मोकळेपणाने लिहिलंत. विचारत नाही काही. आपल्या दोघींच्या भांडणात मुक्या जिवाचा बळी जायला नको.

शुक्रवारी सकाळी अकरा. समोरच्या दाराने येऊ नका. ओळखीचं माणूस दिसलं की कुत्री उगाच धावतात, म्हणून नुसता आवाज चालतो म्हणे. कोंडवाड्याच्या मागच्या बाजूला उंच भिंत आहे, चिंचोळ्या बोळातून जाता येतं. तिथे उभ्या रहा आणि अकराच्या ठोक्याला मारा. दोन आखूड, एक लांब. तो येईपर्यंत मारत रहा.

दोन दिवस सराव करा. तुमच्यावरच आहे सगळं.

तुमची वहिनी

&nbsp;

१५ मे, संध्याकाळ

वहिनी,

कुठे आहात? दोनदा दार ठोठावलं, मग लक्षात आलं की तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून खिडकीशी जाऊन हात हलवले. पडदे ओढलेले होते. हे फाटकाखालून सरकवतेय.

मी साडेदहालाच येऊन उभी होते. अकराला सुरुवात केली. किती वेळ मारली मला माहीत नाही, ओठ फुटून रक्त आलं, बोळातली पोरं हसायला लागली. आतून काही कळेना. एकदाही भुंकला नाही. शेवटी पुढच्या दाराशी गेले. पहारेकरी म्हणाला, आता आत कुणी नाही, साहेब कधीच गेले. आणखी विचारलं तर म्हणाला, मालकाला विचारा.

म्हणजे तो पास झाला ना? शिट्टी ऐकून आला आणि तुम्ही त्याला घेऊन पुढच्या दाराने निघालात, असंच ना? मला तसंच वाटतंय. सांगायला थांबला नाहीत त्याचा राग नाही. हक्क आहे तुमचा.

मी त्याच्यासाठी कलेजी उकडून ठेवली आहे. तुम्ही द्या त्याला, माझं नाव सांगू नका.

एक ओळ लिहा. त्याचा आवाज तरी ऐकवा फाटकातून.

तुमची नणंद

&nbsp;

१७ मे

वन्सं,

परीक्षा दहाला होती.

मी त्याला तीन हाका मारल्या. नियम तीनचा आहे. तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला, कान ताठ करून, भिंतीकडे बघत. माझ्याकडे एकदाही वळला नाही. शिट्टीची वाट बघत होता. साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचल्यावर फार वेळ लागला नाही. त्यांनी मला थोडं बसू दिलं, चांगली माणसं आहेत. अकराला मी तिथेच बसले होते, आणि तुमची शिट्टी सुरू झाली.

सगळी ऐकली मी. पहिल्या आखूड शिट्टीपासून तुमचा दम तुटेपर्यंत. माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत, वन्सं. लेकीने एप्रिलअखेर घेऊन दिली. घातल्यावर मी पहिल्याच दिवशी कुठे गेले असेन? बागेत. पाखरं ऐकायला. आणि तिथे, तुमच्या मेंदीच्या आडून, दोन आखूड, एक लांब. मला आधी वाटलं हे आले. उठून उभी राहिले मी. मग कुत्रं धावताना दिसलं.

तुम्हाला वाटलं, बहिरी आहे, तिच्या नाकासमोर वाजवली तरी काय कळतंय. त्यानंतर रोज मी त्या बाकावर बसले, त्याला बाकाला बांधता आलं असतं, तरी मुद्दाम मोकळा सोडला. मला बघायचं होतं, तुम्ही कधी थांबता. टपालवाली आली त्या दिवशी ती समोरून येतेय हे तुम्हालाही दिसत होतं आणि मलाही. तुम्ही मारलीत. मी सोडला. तिचा खुबा निम्मा तुमच्या नावावर लिहा, निम्मा माझ्या. मी भेटून आले तिला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी त्याला वाचवू शकले असते. तुम्हाला दहाला बोलावलं असतं की झालं. पण मग तो तुमच्या शिट्टीवर धावला असता, साहेबांदेखत, माझ्या पायांवरून. आणि मला आयुष्यभर तुमच्या उपकारात, तुमचीच शिट्टी ऐकत त्याला सांभाळावं लागलं असतं. माझ्या भरल्या ताटावरून एकाला उठवलंत. दुसऱ्याला नाही उठू दिलं मी.

शिट्टी छान मारता. अगदी ह्यांच्यासारखी. आता रोज मारा. बघू कोण येतं.

तुमची वहिनी

&nbsp;

२३ मे

वहिनी,

पत्र वाचलं. सहा दिवस लागले उत्तर लिहायला.

तुम्हाला ऐकू येतं हे कळून बरं वाटलं. आता पाखरं ऐका, दाराची बेल ऐका, लेकीचा फोन ऐका. रात्री घर रिकामं किती वाजतं तेही ऐका, मला ते चांगलं ओळखीचं आहे.

दादा शेवटच्या संध्याकाळी कुत्र्याबद्दल काहीच बोलला नव्हता. ते मी रचलं. तो तुमच्याबद्दल बोलला. तुमचं नाव घेतलं, दोनदा. तुम्ही तळवे चोळत होतात, तो तुमच्याकडे बघत होता, आणि मास्कमधून बोलत राहिला. मला म्हणाला, "तिला ऐकू येत नाहीये, तू लिहून दे." बराच वेळ बोलला. थांबत थांबत. मला त्यातला शब्द न शब्द पाठ आहे. मी रोज रात्री म्हणते.

लिहून देणार होते. सात महिने आज देऊ, उद्या देऊ करत राहिले. मार्चमध्ये त्याच्यासाठीच कागद पुढे घेतला होता, पण आदल्याच दिवशी तुमच्या दांडगोबाने मला चिखलात पाडलं होतं, मग ते पत्र वेगळंच झालं.

आता नाही देणार. चिमटीला पायांशी घेऊन बसले आहे, तिला सगळं सांगून झालं. तिला एका कानाने ऐकू येत नाही, टाके पडले तेव्हापासून.

तुमची नणंद